परके केस : गंगावन, टोप आणि शिवलेली वेणी

प्रस्तावना

परक्या केसांसाठी मराठीत दोन शब्द जुन्या काळापासून रूढ आहेत. एक गंगावन आणि दुसरा टोप. गंगावन ही घरातली वस्तू. स्त्रीच्या स्वतःच्या केसांत गुंफून वेणीला लांबी व भरदारपणा आणणारा तो केसांचा झुबका. टोप ही रंगभूमीवरची वस्तू. तो नटाचे मूळ डोके पूर्ण झाकतो आणि त्याला पात्राचे डोके देतो. अलीकडच्या काळात या दोहोंत तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या टाळूला चिकटून घालावयाच्या, त्यांवर केसांच्या पट्ट्या सुईदोऱ्याने शिवावयाच्या आणि ते शिवलेले केस सहा ते आठ आठवडे दिवसरात्र वागवावयाचे, अशी ही पद्धत. मुंबई आणि तिच्या उपनगरांतील ब्युटी पार्लरांना ती आता नवखी राहिलेली नाही.

या तिन्ही प्रकारांकडे एरवी शृंगाराचा किंवा नटण्यामुरडण्याचा विषय म्हणून पाहिले जाते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र डोक्यावर केस असणे ही प्रत्येक स्त्रीच्या हातातली गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईचे प्रेक्षक पुरुष नटाच्या स्त्रीवेषावर लुब्ध होऊन रात्री जागवीत होते. त्याच शहरांतील, पुष्कळदा त्याच घरांतील विधवेच्या डोक्यावरचे खरे केस न्हावी ठरावीक दिवसांनी उतरवीत होता. परक्या केसांचा इतिहास या विसंगतीला वगळून सांगितला तर तो केवळ प्रसाधनाचा इतिहास होतो. प्रस्तुत लेखात तो या विसंगतीसह पाहिला आहे, आणि केस लावण्याचे तंत्र व त्यांची निगा यांनाही त्यात जागा दिली आहे. कारण कोणते केस कोणाच्या डोक्यावर कसे टिकतात, हे कळल्याशिवाय त्यांचा सामाजिक अर्थ नीट उलगडत नाही.

गंगावन आणि गुंतवळ

अंबाडा, खोपा, बुचडा, तिपेडी व पाचपेडी वेणी ही नावे ज्या भाषेत रुळली, तिथे लांब केसांना किती मोल होते हे निराळे सांगावयास नको. सर्वांचेच केस लांब नसतात. बाळंतपणानंतर, तापातून उठल्यावर किंवा वयानुसार ते विरळ होतात. गंगावनाचा जन्म या उणिवेतून झाला. केसांची मुळे एका बाजूस व टोके दुसऱ्या बाजूस करून ते सारखे करावयाचे, मुळांकडील बाजू काळ्या दोऱ्याने घट्ट आवळावयाची आणि तिला गाठ मारण्यापुरता दोरा मोकळा ठेवावयाचा, एवढीच त्याची रचना. वेणीसाठी केले असेल तर त्याला तीन शेपट असतात. स्वतःच्या केसांच्या तीन पेडांत एकेक शेपूट मिसळून वेणी घालत गेले म्हणजे जोड मानेच्या वर, अंबाड्याच्या किंवा फुलांच्या आड दडतो.

गंगावनाला आधार स्वतःच्याच केसांचा लागतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्या डोक्यावर काहीच नाही तिथे गंगावन बांधता येत नाही. ते उणे असलेल्याला पुरे करते, शून्याला काही देत नाही. पुढे येणाऱ्या शिवलेल्या केसांनाही हाच नियम लागू आहे.

गंगावनाची निगा सोपी होती. रात्री ते सोडावयाचे, टोकाकडून मुळाकडे विंचरत जाऊन गुंता काढावयाचा आणि खुंटीला टांगावयाचे किंवा फडक्यात गुंडाळून ठेवावयाचे. धुवावयाचे झाल्यास रिठा वा शिकेकाई वापरून, न चोळता, सावलीत वाळवावयाचे. रात्री डोक्याची कातडी मोकळी राही, आणि गंगावन खराब झालेच तर ते टाकून दुसरे घेता येई. वस्तू आणि शरीर यांच्यात दररोज एक अंतर पडे. हे अंतर पुढच्या काळात कसे नाहीसे झाले, हे पाहण्याजोगे आहे.

गंगावनाचा कच्चा माल पुष्कळ अंशी गुंतवळ होता. विंचरताना फणीत येणाऱ्या केसांना मराठीने स्वतंत्र शब्द दिला आहे, आणि या केसांभोवती समजुतीही बऱ्याच होत्या. गुंतवळ उघड्यावर टाकू नये, कोणाच्या हाती पडल्यास करणी होईल, अन्नात गेल्यास अशुभ, इत्यादी. म्हणून घरातील बायका ते बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा वळचणीला खोचून ठेवीत. मग दारावर फिरस्ते येत आणि त्या केसांच्या बदल्यात सुया, पोत, फुगे किंवा एखादे भांडे देत. ‘केसांवर भांडी’ ही आरोळी महाराष्ट्रातील खेड्यांना आणि शहरांतील वस्त्यांना चांगली परिचित आहे. करणीच्या भीतीने लपवलेली वस्तू भांड्याच्या मोबदल्यात अनोळखी माणसाच्या झोळीत सहज पडे. समजूत आणि व्यवहार यांचे हे जुळवून घेणे मोठे मौजेचे आहे.

टोप आणि स्त्रीपार्टी

रंगभूमीवरील केशभूषेचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाच्या विवेचनात निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांची केशरचना कशी दाखवावी, याचे नियम आढळतात. अवंतीच्या स्त्रियांना कुरळे केस सांगितले आहेत. विदूषकाला टक्कल सांगितले आहे. कापडाला बेलाच्या गराचा लेप देऊन शिरोवेष्टने तयार करण्याची कृतीही तेथे येते. केस हे पात्राची ओळख पटविणारे चिन्ह असल्याची जाणीव या नियमांमागे आहे. विदूषकाचे टक्कल हे नटाचे नव्हे, पात्राचे, हा विवेक त्यात गृहीत धरलेला आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी नाटकाची परंपरा सुरू झाली. त्या काळच्या आख्यानपर नाटकांत नटांची विभागणीच राजापार्टी, राक्षसपार्टी व स्त्रीपार्टी अशी असे. राक्षसाच्या विस्कटलेल्या जटा आणि स्त्रीपात्राची वेणी, दोन्ही केसांवरच अवलंबून. स्त्रिया रंगमंचावर येत नसल्यामुळे कोवळ्या वयाची मुले स्त्रीपार्टी करीत. त्यांपैकी काही स्वतःचे केस वाढवीत, काही टोपावर निभावून नेत. डोक्यावर शेंडी आणि भोवती घेरा ठेवणे हा पुरुषाचा शिष्टाचार मानला जाण्याच्या काळात केस वाढविलेला मुलगा गावात कोणत्या नजरेने पाहिला जात असेल, याची कल्पना करता येते.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८२ च्या ‘सौभद्रा’त सुभद्रा उभी करणारे भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या गळ्याने आणि रूपाने प्रेक्षकांना वेड लावले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण शहरी मध्यमवर्गातील स्त्रियांनी केले, हे मराठी नाट्येतिहासात वारंवार नोंदविले गेले आहे. ‘मानापमान’मधील भामिनी किंवा ‘एकच प्याला’मधील सिंधू पाहून घरी परतलेली स्त्री आरशासमोर आपला अंबाडा बदलू लागली. सौंदर्याचा नमुना पुरुषाच्या डोक्यावर होता. खऱ्या केसांनी सजविलेल्या केसांचे अनुकरण करावे, ही रंगभूमीने घडविलेली उलटापालट होती. उतारवयातही बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत राहिले. तेव्हा वय आणि पात्र यांच्यातील वाढते अंतर झाकण्याचा भार बराचसा वेषभूषा-केशभूषेवरच पडला.

टोप तयार करणे हे कष्टाचे काम आहे. आधी डोक्याचे माप घेऊन कापडाची किंवा जाळीची टोपी शिवतात. दोन खुंट्यांमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर केसांचे बारीक पुंजके विणून त्यांची लांब पट्टी करतात. मग ही पट्टी टोपीवर मानेकडून सुरुवात करून टाळूकडे रांगेने शिवत आणतात, म्हणजे वरची रांग खालच्या रांगेची शिवण झाकते. कपाळाची रेघ सर्वांत अवघड. तिथे पट्टी दिसून येते, म्हणून आकड्याने एकेक केस जाळीत ओवून गाठ मारावी लागते. दाढीमिश्यांना क्रेप आणि स्पिरिट गम चालतो. डोक्याला तेवढ्याने भागत नाही. किटसनच्या बत्त्यांच्या उजेडात आणि उष्णतेत रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात टोपाखाली घाम साचे. प्रयोग संपल्यावर तो उतरवून आतली बाजू पुसणे, वाळविणे, विंचरून ठोकळ्यावर बसविणे आणि पुढच्या मुक्कामासाठी पेटीत भरणे, हे सारे रंगपटातील माणसांकडे असे. त्यांची नावे नाट्येतिहासात क्वचितच येतात. पदे कोणी रचली, चाली कोणी दिल्या याची तपशीलवार नोंद आहे. सुभद्रेचे केस कोणी विणले याची नाही. मराठी नाट्यसंशोधनातील ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

सकेशा आणि सोवळी

आता त्याच काळातील दुसरे डोके. उच्चवर्णीय कुटुंबांत पतीच्या निधनानंतर स्त्रीचे केशवपन करण्याची रूढी होती. केस उतरविलेली, आलवण नेसलेली स्त्री ‘सोवळी’ ठरे. जिने केस ठेवले ती ‘सकेशा’. सकेशा विधवेच्या हातचे पाणी आणि स्वयंपाक देवकार्याला व श्राद्धाला चालत नसे. म्हणजे जिचे केस गेले तिला स्वयंपाकघरात जागा होती आणि जिने ते राखले तिला ती नाकारली जाई. भाषेने केसांच्या असण्यानसण्यावरून स्त्रीला नाव द्यावे, यातच त्या व्यवस्थेची ओळख पटते. अशा स्त्रीच्या संदर्भात गंगावन हा शब्दच निरर्थक होता. आधाराला केस नाहीत आणि इच्छेला परवानगी नाही.

१८९० हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार झाला. सुधारणेचे बहुतेक प्रयत्न लेखणीने आणि व्यासपीठावरून चाललेले असताना येथे रूढीचे हत्यार ज्यांच्या हातात होते त्यांनीच ते खाली ठेवले. कारागिराने आपल्या कामाला नकार देऊन केलेली ही सामाजिक कृती आहे. तिचे वर्णन पुष्कळदा सुधारणेच्या इतिहासातील एक लक्षवेधी प्रसंग एवढ्यावरच थांबते. वस्तुतः ती कामगार इतिहासाचाही भाग आहे, आणि लोखंडे गिरणी कामगारांचे संघटक होते हे ध्यानात घेतले म्हणजे तसे का म्हणावे ते कळते.

त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू विधवा झाल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’मधून या रूढीवर सातत्याने टीका करीत होतेच. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत आयुष्यभर काम केलेल्या पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांनी स्वतः केशवपन थांबवून केस वाढविले आणि आपल्या आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले. स्वतःच्या डोक्यावर स्वतःचे केस येऊ देणे ही कृती जाहीर समर्थनाची ठरावी, यावरून त्या निर्णयाचे वजन समजते. रंगमंचावर भाऊराव कोल्हटकरांच्या वेणीला टाळ्या पडत होत्या तेव्हाचे हे घरातले चित्र.

रंगमंच ते पडदा

चित्रपटाने प्रारंभी रंगभूमीचाच कित्ता गिरविला. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. १९१७ च्या ‘लंकादहना’त साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मूकपटात आवाजाचा प्रश्न नव्हता. राम आणि सीता यांच्यातील भेद वेष, हालचाल आणि केस यांनीच उभा राहावयाचा होता. दरम्यान ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. रंगभूमीवर १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि स्त्रीपार्टीचे युग मावळू लागले. स्त्रीच्या डोक्यावर तिचे स्वतःचे केस पाहण्याची सवय प्रेक्षकाला लागली. कोकणातील दशावतारात मात्र पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची रीत टिकून राहिली आणि तिच्याबरोबर टोपही टिकला.

टोपाची कला चित्रपटात अधिक सूक्ष्म झाली, कारण कॅमेरा कपाळाच्या रेघेपर्यंत पोहोचतो. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाची रंगभूषा विक्रम गायकवाड यांनी केली आणि त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. पुरुष नटाने स्त्रीवेषातील पुरुष नट साकारावा, हे दुहेरी काम त्या टोपांना करावे लागले. गायकवाड यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. भाऊरावांच्या काळातील निनावी कारागिरांच्या मानाने त्यांच्या कामाची नोंद झाली, एवढी प्रगती मान्य करावी लागेल.

टोपीऐवजी डोके

शिवलेल्या केसांची पद्धत महाराष्ट्रात बाहेरून आली. केस टाळूलगत समांतर वेण्यांत बसविण्याची परंपरा आफ्रिकेत फार प्राचीन आहे. अशा वेण्यांवर केसांची पट्टी कायम बसविण्याच्या तंत्राला अमेरिकेतील क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार स्त्रीने रूप दिले आणि १९५२ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. त्याआधी बहुतेक कृत्रिम केस पिनांनी अडकविले जात आणि ते सुटण्याची धास्ती असे. शिवणीमुळे ही धास्ती गेली. तंत्राच्या दृष्टीने पाहिल्यास जेन्किन्स यांनी नाटकाच्या टोपातील पट्टी तशीच ठेवली आणि टोपी काढून टाकली. टोपीच्या जागी आले माणसाचे डोके.

कृती अशी. प्रथम केस स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवितात. मग कपाळापासून मानेकडे किंवा डोक्याभोवती गोलाकार अशा बारीक, सपाट वेण्या घालतात. टोके आत दुमडून शिवतात. काही ठिकाणी त्यांवर पातळ जाळी ताणून शिवली जाते, म्हणजे भार सर्वत्र वाटला जातो. नंतर अर्धचंद्राकृती सुईने केसांची पट्टी वेणीला टाके घालून जोडतात, मानेपासून वर. कपाळाजवळचे आणि भांगाचे थोडे केस मोकळे सोडून शेवटी त्यांनी शिवण झाकतात. टाका वेणीभोवतून घ्यावयाचा, कातडीलगत ओढावयाचा नाही, हा यातला मुख्य दंडक. सगळे काम व्हावयास काही तास लागतात.

ही पद्धत दाट, कुरळ्या केसांसाठी घडली. भारतीय केस बहुधा सरळ आणि गुळगुळीत. त्यांची वेणी टाळूवर धरून राहत नाही, सैल पडून घसरते. म्हणून ती जास्त आवळण्याचा मोह होतो आणि अपाय तिथेच सुरू होतो. पहिल्या दिवशी डोके ठणकणे, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येणे ही ताण अधिक झाल्याची चिन्हे आहेत. असा ताण वारंवार पडल्यास कपाळ व कानशिलाकडील केस मुळांतून जातात. पुढे ते पुन्हा उगवत नाहीत. तेल लावण्याच्या आपल्या सवयीचाही येथे अडथळा होतो. खोबरेल तेलाने वेण्या आणखी निसटतात आणि शिवणीत धूळ धरते. टाळूला अगदी थोडे, बोटाच्या टोकाने लावावे, एवढेच चालते.

धुण्याची पद्धतही बदलावी लागते. अंगावर घेऊन खळखळून न्हाण्याऐवजी पाण्यात मिसळलेला शाम्पू निमुळत्या तोंडाच्या बाटलीने वेण्यांमधील कातडीवर सोडावयाचा, हलक्या हाताने दाबावयाचा, भरपूर पाण्याने काढून टाकावयाचा. त्याहून महत्त्वाचे वाळविणे. वरचे केस कोरडे लागले तरी आतल्या वेण्या ओल्या असतात. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत त्या आपोआप वाळत नाहीत. ओल राहिली तर दुर्गंधी, खाज आणि बुरशीचा संसर्ग ओढवतो. जून ते सप्टेंबर या काळात यंत्राच्या वाऱ्याने मुळापर्यंत वाळविल्यावाचून गत्यंतर नाही. झोपताना केस सैल वेणीत घेऊन गुळगुळीत कापड बांधावे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी शिवण उसवून डोक्याला विश्रांती द्यावी. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस स्वाभाविकपणे गळतात. शिवणीखाली ते अडकून राहतात आणि उसवताना एकदम हाती येतात. हे पाहून पुष्कळ स्त्रिया घाबरतात. वास्तविक ते दीड-दोन महिन्यांचे साठलेले गुंतवळ असते.

गंगावनाशी याची तुलना केली म्हणजे पूर्वी म्हटलेले अंतर कसे नाहीसे झाले ते स्पष्ट होते. गंगावन रात्री खुंटीवर जाई आणि नाटकाचा टोप पेटीत. शिवलेले केस मालकिणीसह झोपतात, घामेजतात, लोकलच्या गर्दीतून प्रवास करतात. रंगपटातील माणूस जे काम करी ते आता केस घालणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला आले आहे, आणि त्यातील चुकीची किंमत टोपीऐवजी टाळूला मोजावी लागते.

काशीगाव आणि केसांची वाट

मीरा-भाईंदरमधील काशीगाव हे या बदलाचे एक ठिकाण म्हणून पाहता येते. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात त्या परिसरातील हे गाव. १९८५ मध्ये काशी, मिरे, नवघर, घोडबंदर आणि भाईंदर या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली. २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी, ख्रिस्ती व आदिवासी वस्तीभोवती दोन-तीन दशकांत उंच इमारती उभ्या राहिल्या. मेट्रो मार्ग ९ वरील एका स्थानकाला काशीगावचे नाव मिळाले आहे. घोडबंदर रस्ता व मीरा रोड परिसरात दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण होते आणि त्यासाठी लागणारी रंगभूषेची, केशभूषेची माणसे याच उपनगरांत राहतात. आफ्रिकी देशांतून आलेले विद्यार्थी आणि व्यापारीही मीरा रोड ते नालासोपारा या पट्ट्यात वस्ती करून आहेत. त्यांच्यातील स्त्रियांना शिवलेल्या केसांची कला घरचीच. खोप्यात फुले माळणारी आगरी-कोळी स्त्री, मालिकेतील नऊवारी नायिकेचा तयार अंबाडा आणि टाळूलगतच्या बारीक वेण्या हे सारे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत नांदते. उपनगराच्या इतिहासात रस्ते आणि इमारती यांच्याइतकीच अशा गोष्टींनाही जागा असावयास हवी.

पार्लरमध्ये पाकिटात येणाऱ्या केसांचा मागचा प्रवास मात्र लांबचा असतो. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थानाकडून लिलाव होतो. एकदम कापलेल्या अशा केसांची मुळे एका दिशेस राहतात. केसाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे असतात. दिशा एक असली म्हणजे केस गुंतत नाहीत, आणि म्हणून त्यांना भाव अधिक. गुंतवळातील केस उलटसुलट असतात. ते हाताने सोडवावे लागतात आणि खवले आम्लाने काढून वर सिलिकोनचा थर द्यावा लागतो. थर धुतला गेला की ते राठ होतात. कर्नाटकातील कोप्पळजवळच्या भाग्यनगर येथे गुंतवळ सोडविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. खेड्यात एका भांड्यावर दिलेला केसांचा गोळा असा व्यापाराच्या साखळीत शिरतो.

ही साखळी जागतिक राजकारणाने आणि धर्मश्रद्धेने वेळोवेळी हलविली आहे. १९६६ मध्ये अमेरिकेने साम्यवादी चीनच्या केसांवर बंदी घातली आणि इतर आशियाई देशांतील मालाची मागणी वाढली. २००४ मध्ये सनातनी ज्यू धर्मगुरूंनी तिरुमलाचे केस मूर्तिपूजेशी निगडित असल्याचा निर्णय दिला, तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्त्रियांनी आपले टोप रस्त्यावर जाळले. जानेवारी २०२२ मध्ये भारत सरकारने मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. या सर्व घडामोडींत केस देणारी स्त्री कुठेही समोर येत नाही. ती एकतर देवाला देते किंवा भांड्याला. तिच्या केसांना बाजारात किंमत येते ती तिच्या हातून ते सुटल्यानंतर. नाटकाचा टोप विणणारा कारागीर जसा निनावी, तशीच तीही.

अलीकडे एक वेगळा दाता पुढे आला आहे. कर्करोगावरील केमोथेरपीत ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन मुली आणि नोकरदार स्त्रिया आपल्या लांब वेण्या कापून देतात. या केसांना भाव नसतो आणि नवसही नसतो. कोणाच्या डोक्यासाठी ते दिले, हे देणारीला साधारणपणे ठाऊक असते. एक टोप होण्यास अनेक दात्यांच्या वेण्या लागतात. रंग व लांबी जुळवून त्यांची पट्टी विणावी लागते. आणि शिवण्यासाठी रुग्णाच्या डोक्यावर एकही वेणी उरलेली नसल्यामुळे ती पट्टी जुन्या नाटकी टोपाप्रमाणेच, मानेकडून टाळूकडे रांग घेत, जाळीच्या टोपीवर शिवली जाते.